घरटी एक लिंबू, बोटभर आलं

इस्माईलभाई बागवान गेल्याची बातमी मला एका फ्लेक्सनं दिली. शिरूरला दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. परत येताना गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो, तर समोर विजेच्या दोन खांबांना बांधलेला दहा फुटी फ्लेक्स. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मधोमध इस्माईलभाईंचा फोटो, मतदार ओळखपत्रावरचा काढून ताणून मोठा केलेला, त्यामुळं चेहरा असा झालेला की सख्ख्या शेजाऱ्यानंही दोनदा बघावं. आणि त्या फोटोभोवती, त्याच्याहून मोठ्या आकारात, हात जोडलेले अकरा जण. यात्रा कमिटीचे आजी-माजी अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन, उपसरपंच, कुणाचा तरी भाचा. एकानं तर श्रद्धांजली वाहताना गॉगलसुद्धा काढला नव्हता. खाली ओळ : ‘गावच्या यात्रेची शान हरपली.’ मी तिथं रस्त्यातच उभा राहिलो. मित्र गेल्याचं दुःख आधी व्हायला हवं होतं, पण खरं सांगतो, आधी संताप आला. ज्या कमिटीनं या माणसाला दारूवाला ठरवून यात्रेतून बाहेर काढलं, त्याच कमिटीला आज शान हरपल्याचा साक्षात्कार झाला होता. दौंडला दफन होऊनही दोन दिवस उलटले होते. त्यांच्या घरून मला फोन का आला नाही, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. रागावलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

आज त्याला दीड महिना झाला. राग उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही. घोडनदीच्या काठचं, इनामगावाहून फार लांब नसलेलं एक गाव एवढंच समजा. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, आणि अक्षर बरं म्हणून यात्रा कमिटीचा सेक्रेटरीही होतो. हल्ली पुण्याच्या पुरवण्यांमधून मोठ्या कौतुकानं छापून येतं की परदेशात म्हणे लोक छोट्या छोट्या भट्ट्यांमध्ये स्वतःची बिअर बनवतात. आसपासच्या शेतातलं धान्य घेतात, फळं घेतात, जत्रा भरवतात, आपल्या नावाच्या टोप्या आणि पेले काढतात, आणि त्यातून गावं जोडली जातात. पुण्यातही असं काही निघायला हवं, असं वाचणारे सुस्कारे टाकतात. अहो, आमच्या घोडकाठाला एक बागवान हेच सगळं पंधरा वर्षं करत होता! बिअर नव्हे, जिंजर. पण रीत तीच, आणि माणसं जोडण्याच्या बाबतीत तर त्यांच्या चार पावलं पुढं. त्याला कुणी पुरवणीत छापलं नाही. आम्ही त्याचं काय केलं, तेच आता सांगतो.

इस्माईलभाई मूळचे दौंडचे. तरुणपणी रेल्वे कॉलनीतल्या बंगल्यांवर डोक्यावर पाटी घेऊन भाजी पोचवायचे. तिथं एका रिटायर्ड गार्डाची विधवा राहायची, सगळे तिला नॅन्सी आंटी म्हणत. ती घरी जिंजर बनवायची. आलं, साखर, लिंबू आणि पाणी, बाकी काही नाही. पण ते नुसतं सरबत नव्हे. आलं आणि साखर बरणीत मुरवून तिनं एक विरजण धरलेलं होतं. दह्याला विरजण लावतात तसं ते पाण्याला लावायचं, तीन-चार दिवस ठेवायचं, की पाण्याला आपोआप जीव येतो, बुडबुडे चढतात, जिभेला झिणझिण्या येतात. आंटी म्हातारी झाली, पोरं परदेशी गेली, तेव्हा एक दिवस तिनं जॅमच्या बाटलीत ते विरजण घालून इस्माईलभाईंच्या पाटीत ठेवलं आणि सांगितलं, हे सांभाळ. इस्माईलभाई ती गोष्ट सांगताना दर वेळी एक वाक्य न चुकता म्हणायचे, “आंटी बोलली, ह्याला तान्ह्या पोरावानी सावलीत ठिवायचं. ऊन लागलं की ह्ये डोक्यात जातं.” साखरेच्या जागी त्यांनी दौंडच्या गुऱ्हाळावरचा गूळ आणला. नॅन्सी आंटीनं ते पिऊन बघितलं आणि स्वतःची साखर बंद केली, असं ते छाती फुगवून सांगायचे. खरं-खोटं आंटीलाच ठाऊक.

लग्नानंतर भाजीच्या धंद्यासाठी ते आमच्या गावात भाड्यानं राहायला आले. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेत त्यांनी पहिल्या वर्षी नुसती हातगाडी लावली, आणि दुपारच्या आत पिंप रिकामं झालं. दुसरा कुणी असता तर पुढच्या वर्षी दोन हातगाड्या लावल्या असत्या. इस्माईलभाई कमिटीपुढं आले आणि भलतंच बोलले. म्हणाले, “जिंजर माझं नगं. गावाचं करू. घरटी एक लिंबू, बोटभर आलं आन् मुठीयेवढा गूळ. पाणी तुमच्या हिरीचं. विरजण तेवढं माझं.” यात्रेच्या चार दिवस आधी देवळाशेजारच्या दगडी धर्मशाळेत पिंपं मांडायची. गाव येऊन आपापला जिन्नस आपल्या हातानं पिंपात टाकेल, आणि यात्रेच्या दिवशी जे तयार होईल ते सगळ्यांचं. ऐकणारे हसले. पण पिंपांना पितळी तोट्या बसवून घ्यायला ते स्वतः सायकलवरून पाबळला गेले, जिथं पोरं वेल्डिंग आणि फिटिंग शिकतात तिथं, आणि आठ दिवसांत परत आले तेव्हा हसणाऱ्यांचं हसू थोडं कमी झालं होतं.

पहिल्याच वर्षी वाद झाला, आणि तो कशावरून झाला हे लिहिताना आजही लाज वाटते. वेशीपलीकडच्या वस्तीवरच्या बायका पदरात लिंबं घेऊन आल्या, तशी धर्मशाळेच्या दारात कुजबुज सुरू झाली. कमिटीचे अध्यक्ष तात्या, शंभर एकरांचे धनी, माणूस तोंडाचा गोड. ते पुढं होऊन म्हणाले, “इस्माईलभाई, त्यांचं एक येगळं पिंप मांडा. भांडान नगं.” इस्माईलभाईंनी हातातली पळी खाली ठेवली. शांतपणे म्हणाले, “तात्या, पिंपं आठ हायेत, पर जिंजर एकच. समद्यांत समद्यांचं पडनार. ज्याला चालत न्हाई त्यानं घरी बसून ताक प्यावं.” आणि स्वतः उठून त्या बायकांच्या पदरातली लिंबं एकेक करून आठही पिंपांत टाकली. कुणी घरी ताक प्यायला गेलं नाही. चैत्रातल्या उन्हात, धूळ खाऊन, ओरडून घसा कोरडा पडल्यावर ते गार, तिखट-गोड पाणी पोटात गेलं की कुणाचं लिंबू कुठं पडलं होतं हे आठवायला वेळ कुणाला होता? ज्या गावात पाणवठे वेगळे ठेवायला माणसं मरायला उठत होती, तिथं एका भाडेकरू बागवानानं एका चैत्रात एक तोटी सगळ्यांच्या ओंजळीखाली आणली. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढं शिकवू शकलो नाही.

मग रुमाल आले. ज्यानं पिंपात हात घातला त्या प्रत्येक घराला एक रुमाल. दर वर्षी वेगळा रंग, कोपऱ्यात गावाचं नाव आणि खाली बाटलीचं छोटं चित्र. विकत कुणाला मिळायचा नाही. एकदा शिरूरचा एक व्यापारी दहा रुमाल मागायला आला, तर इस्माईलभाईंनी त्याला विचारलं, “लिंबू कुटंय तुमचं?” पैलवान तो रुमाल मनगटाला बांधायचे, बायका त्यात भाकरी बांधायच्या, सासरी जाणाऱ्या पोरींच्या ट्रंकेत तो वर ठेवलेला असायचा. आमच्या गावची पोरं सणसवाडीच्या कंपन्यांत लागली, खोल्या घेऊन राहू लागली. माझा एक विद्यार्थी सांगायचा, शिफ्टच्या बसमध्ये अनोळखी माणसाच्या गळ्यात तो रुमाल दिसला की सरळ जाऊन शेजारी बसायचं, कोणत्या वर्षाचा आहे विचारायचं, की झाली ओळख. बिहारकडच्या त्याच्या खोलीतल्या सोबत्यानंही यात्रेला येऊन पिंपात लिंबू टाकलं आणि रुमाल घेऊन गेला. पुढं शेजारपाजारची गावं मागणी घालू लागली. इस्माईलभाई विरजण घेऊन जायचे, पण अट तीच, जिन्नस तुमचा, पाणी तुमचं. त्यामुळं प्रत्येक गावच्या जिंजरची चव वेगळी. नुसतं चाखून ते गाव सांगायचे. इनामगावच्या उत्खननात हजारो वर्षांपूर्वीचे रांजण निघाले, ते बघायला मी त्यांना एकदा घेऊन गेलो. बराच वेळ वाकून बघितलं आणि म्हणाले, “मास्तर, ह्यात काय ठिवत असतील, ठाऊक हाय? जिंजर! फकस्त आलं गावलं नसंल बिचाऱ्यांना.”

नववीच्या वर्गाला किण्वन शिकवताना मी दर वर्षी त्यांनाच बोलवायचो. ते विरजण आणायचे, मी बाटलीच्या तोंडाला फुगा लावायचो, आणि तासाभरात फुगा डोकं वर काढायला लागला की पोरं ओरडायची, “सर, जिंजर श्वास घेतंय!” मी मोठ्या तोऱ्यात फळ्यावर लिहायचो की यात सूक्ष्म जीव साखर खातात, वायू सोडतात, नखभर अल्कोहोलही तयार होतं, पण ते आपल्या आंबिलीत असतं तेवढंच. आणि उष्णता वाढली की हे सगळं दामदुप्पट वेगानं होतं. हे शेवटचं वाक्य मी अधोरेखित करायचो. म्हणजे मला माहीत होतं. गावात दोनच माणसांना हे नीट माहीत होतं, एक ते आणि एक मी.

दोन हजार साल उजाडायच्या थोडं आधीची ती यात्रा. त्या वर्षी एका मोठ्या कोल्ड्रिंक कंपनीचा तालुक्याचा वितरक गावात आला. म्हणाला, मंडप आमचा, कुस्त्यांची बक्षिसं आमची, कमानीवर नाव आमचं. पोरांना टोप्या आणि टी-शर्ट फुकट, कंपनीचं नाव छातीवर. लिंबू आणायची गरज नाही, कुठं हात घालायची गरज नाही, फक्त घालून फिरायचं. कमिटी भुलली. कमिटी म्हणजे काही परकी माणसं नव्हती, आम्हीच होतो. वितरकाचे दोन मोठे फ्रीज आले. त्यांना वीज असलेली, कुलूपबंद खोली हवी होती, आणि देवळाच्या आसपास तशी एकच होती, धर्मशाळेची. आत आठ पिंपं मांडून दोन दिवस झाले होते. इस्माईलभाई बाटल्या आणायला दौंडला गेले होते. त्यांना विचारण्यात आलं नाही. पिंपं उचलून मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवण्यात आली. चैत्राचं ऊन, वर पत्रा, चारी बाजूंना पत्रा... शेडमध्ये क्षणभर उभं राहवत नव्हतं.

यात्रेच्या सकाळी इस्माईलभाई बाटल्यांची खोकी घेऊन उतरले आणि धर्मशाळेत फ्रीज बघून धावत शेडकडे गेले. पण त्याच्या आधीच लोकांनी तोट्या सोडल्या होत्या. दर वर्षीची सवय, गावाचाच माल, कोण कुणाला विचारतो? ते दोन्ही हात पसरून पिंपांपुढं उभे राहिले. “पिऊ नगा! ह्ये चढलंय, वतून द्या समदं!” असं ओरडणारे इस्माईलभाई मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, आणि माझ्यासारखंच निम्म्या गावानं बघितलंय. पण तोवर दोन पैलवानांनी उपाशी पोटी पाच-सहा मग रिचवले होते. दुपारी त्यातला एक आखाड्यात उतरला, त्याला गरगरलं, आणि त्याच्याहून हलक्या गड्यानं त्याला चीतपट केलं. हरलेल्याच्या बाजूचे लोक कारण शोधतच होते. “पैलवानाला दारू पाजली” असं कुणीतरी ओरडलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत ते वाक्य मैदानभर फिरून परत आलं तेव्हा त्याला पुढं-मागं शेपट्या फुटलेल्या होत्या. मुसलमानानं देवाच्या यात्रेत दारू पाजली! पंधरा वर्षं ज्यांनी ओंजळी धरल्या त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालं. काहींनी मनगटावरचे रुमाल सोडून तिथंच मातीत टाकले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ कृतघ्नपणा पाहिला, पण मातीत पडलेले ते रुमाल डोळ्यांपुढून हलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक बसली. तात्या माझ्याकडे वळले. “मास्तर, तुमी सायन्सचं. ह्यात दारू व्हती का न्हाई, सांगा.” इस्माईलभाई समोर खांबाला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी निर्धास्तपणे, वर्गात फुगा लावायच्या आधी बघायचे तसं. आणि मी म्हणालो, “तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.” वाक्य बिनचूक होतं. शास्त्राला धरून होतं. त्याच्याइतकं खोटं मी जन्मात बोललो नाही. मग ठरावाच्या वहीत, माझ्या त्या सुंदर अक्षरात, मीच लिहिलं की सदर पेय आक्षेपार्ह आढळल्यानं यापुढं यात्रेत त्यास परवानगी नाही. सह्या झाल्या. इस्माईलभाई उठले, पिंपं धुतली आणि त्या आठवड्यात बिऱ्हाड उचलून दौंडला परत गेले.

दारूवाला हा शब्द आपल्याकडे सहज फेकतात. पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला तो कसा लागला असेल याचा विचार करा. शब्द त्यांच्या आधी दौंडला पोचला होता. मशिदीत लोक शेजारी बसायला कचरू लागले. थोरल्यांनी बोलावून विचारलं, खरं काय? मुलगी रेहाना, तिचं जमत आलेलं लग्न वर्षभर अडलं. आणि या माणसानं काय मागितलं? भरपाई नाही, माफी नाही, यात्रेतली जागासुद्धा नाही. दर चैत्रात, यात्रेच्या आठ दिवस आधी, ते दौंडहून एसटीनं यायचे, माझ्या ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, “मास्तर, वहीत एक ओळ पायजे. पिंपं उन्हात ठिवली म्हून बिगडली, इस्माईलनं काय मिसळलं न्हाई. येवढीच.” ती ओळ त्यांना मशिदीत दाखवायची होती, सोयऱ्यांना दाखवायची होती. मी म्हणायचो, तात्यांच्या कानावर घालतो. तात्या म्हणायचे, “जुनं कशाला उकरताय?” मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू. ते मान हलवायचे, अजून थोडा वेळ बसायचे, जणू आणखी काही बोलणं व्हायचंय... आणि मग शेवटच्या एसटीच्या आधी उठायचे. असं आठ वर्षं चाललं. नवव्या वर्षी ते आले नाहीत, फ्लेक्स आला.

शोकसभाही झाली, देवळापुढच्याच मंडपात. एकेक जण उठून गळा काढत होता. कुणाला त्यांची सर्वधर्मसमभावाची शिकवण आठवली, कुणाला जिंजरची चव. उपसरपंचांनी तर जाहीर केलं की यात्रेत त्यांच्या नावानं थंड पेयाचा स्टॉल लावू, वितरकाशी बोलणं झालेलं आहे. तिथं माझा तोल गेला. मी उठून म्हणालो, “स्टॉल नको, शान नको, आधी वही आणा!” लोक चपापले. तात्या आता थकलेत, काठी घेऊन बसले होते. म्हणाले, “मास्तर, मेलेल्या माणसाला ठरावाचं काय करायचंय?” मी म्हणालो, “जिवंतपणी मागत होते, तेव्हा तुम्ही दिला नाहीत, म्हणून आता द्या.” बराच आरडाओरडा झाला. कुणी मला म्हातारपणी डोकं फिरलंय म्हणालं, कुणी म्हणालं मास्तरला त्या वेळी का वाचा फुटली नाही. मी मागं हटलो नाही. शेवटी माझ्या हातानं ठराव लिहिला, की त्या वर्षी पिंपं धर्मशाळेतून पत्र्याच्या शेडमध्ये हलवण्यात आल्यामुळं पेय बिघडलं, यात श्री. इस्माईल बागवान यांचा काहीही दोष नव्हता, पूर्वीचा ठराव रद्द करण्यात येत आहे. अकरा जणांनी सह्या केल्या, अगदी फ्लेक्सवरच्या अकरांनी. मी जिंकलो होतो. नक्कल काढली, शिक्का मारला आणि दुसऱ्याच दिवशी छाती पुढं काढून दौंडची एसटी धरली.

हलीमाभाभी, त्यांची पत्नी, खाटेवर बसल्या होत्या. रेहाना माहेरी आलेली होती. तिनं सतरंजी टाकली आणि विचारलं, “चहा ठेवू, सर?” त्या घरात मला न विचारता जिंजर मिळायचं, चहा आजवर कधी विचारला गेला नव्हता. खिडकीत ती बरणी दिसत होती, ओल्या फडक्यानं गुंडाळलेली. बोलता बोलता भाभींनी हात लांब करून फडकं जरा सावलीच्या बाजूला ओढलं. म्हणजे विरजण चालू होतं, रोज आलं-गूळ पडत होतं. पण माझ्यापुढं कप आला. मी ठरावाची नक्कल काढली. रेहानानं ती मोठ्यानं वाचली. भाभींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “पुन्यांदा वाच. पिंपं कुनी हलवली त्ये वाच.” रेहाना म्हणाली, “अम्मी, तसं लिहिलेलं नाही. हलवण्यात आली, एवढंच आहे.” भाभी माझ्याकडे वळल्या. “काय मास्तर? पिंपांना पाय फुटलं व्हतं का?”

मी म्हणालो, भाभी, कमिटीनं...

“किल्ली कुनाकडं व्हती, आमाला म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “ह्यांना पैल्या दिवशीच शेडमधल्या हमालानं सांगितलं व्हतं. मास्तरनी कुलूप काढून दिलं, मास्तरनीच शेड दावली.” मी विचारलं, मग ते मला कधी बोलले का नाहीत? आठ वर्षं माझ्याकडे येत होते, एकदाही बोलले नाहीत. भाभींनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, “मी भांडायची त्यांच्याशी. कशाला जाताय त्या मानसाच्या दारात? तर म्हनायचे, मास्तर शिकवनारा मानूस हाय. आज ना उद्या सोताच्या तोंडानं सांगल. आपुन जाऊन बसायचं. बसल्याबिगर कसं सांगल?” मग कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात परत दिला. “ह्यो न्या. वही कोन उघडून बघतंय? पेपरात लिवा. पेपर इथं मशिदीसमोर बी येतो, आन् तुमच्या गावात बी.”

म्हणून हे लिहिलं. वर फ्लेक्सवरच्या अकरांवर मी बराच संताप काढला, तो खरा आहे आणि मी तो मागं घेत नाही. पण त्या फ्लेक्सवर बारावा फोटो माझा हवा होता. धर्मशाळेची किल्ली माझ्याकडे होती आणि ती मी स्वतःच्या हातानं वितरकाच्या माणसाला दिली. शाळेला वॉटर कूलर द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. पत्र्याची शेड मीच दाखवली. उन्हात पिंपांचं काय होईल हे मला ठाऊक होतं, आणि एवढ्यानं काय होतंय अशी मी स्वतःची समजूत घातली. इस्माईलभाईंनी त्यात दारू मिसळली नव्हती, ते उलट लोकांना अडवत होते, हे देवळातल्या बैठकीत बसलो होतो तेव्हाही मला पूर्ण माहीत होतं. एवढं ऐकण्यासाठी तो माणूस आठ चैत्र माझ्या ओट्यावर येऊन बसत होता.